गुन्हेशास्त्राची पदवी : खर्च किती, पदरात काय?



बारावीच्या निकालानंतर या सदराकडे येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात : मेडिकल, इंजिनिअरिंग, डी.फार्मसी, बी.एड. या वेळी रावेरहून एक वेगळा प्रश्न आला. मुलगी बारावी सायन्स पास झाली आहे. अब्बा केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात, अम्मी घरी शिवणकाम करतात. मुलीने मोबाईलवर एका मोठ्या शहरातल्या खाजगी संस्थेची जाहिरात पाहिली. क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक, तीन वर्षांची पदवी, नोकरीची हमी. तिला तेच शिकायचे आहे. मामू म्हणतात, मुलीच्या जातीला पोलीस-कोर्टाच्या भानगडी कशाला? अब्बांचा प्रश्न अधिक नेमका आहे : पैसे कसेही उभे करू, पण ते परत येतील का?

हा प्रश्न एकाच घरचा नाही. सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या भागांतूनही अशी विचारणा होते. म्हणून या महिन्यात त्याचा सविस्तर हिशेब मांडत आहोत.

आधी विषय समजून घ्या

जाहिरातीत दोन विषय एका दमात सांगितले जातात. ते वेगळे आहेत. गुन्हेशास्त्र म्हणजे क्रिमिनॉलॉजी. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, शिक्षेने काय साधते, तुरुंगात काय घडते, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे पुढे काय होते, याचा हा अभ्यास. तो समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा यांच्या शेजारचा विषय आहे. फॉरेन्सिक सायन्स म्हणजे न्यायसहायक विज्ञान. रक्त, विष, हस्ताक्षर, बोटांचे ठसे, मोबाईलमधला पुरावा यांची तपासणी करणारा हा प्रयोगशाळेचा विषय. त्याला रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणक लागतो.

मालिकेत एकच अधिकारी गुन्हेगाराचे मनही ओळखतो, रक्ताचा डागही तपासतो आणि बेड्याही ठोकतो. प्रत्यक्षात ही तीन वेगळ्या खात्यांतली तीन माणसे असतात आणि तिघांची भरती वेगळ्या मार्गाने होते. मुलांनी आधी ठरवायचे ते एवढेच : यांतले आपल्याला नेमके कोण व्हायचे आहे?

नोकरी देणारे कोणती पदवी मागतात?

केळीची बाग लावण्याआधी रावेरचा शेतकरी रोप, पाणी, खत, मजुरी यांचा हिशेब करतो आणि बऱ्हाणपूरच्या भावाकडेही कान लावून असतो. शिक्षणाचा बाजार म्हणजे भरतीची जाहिरात. ती वाचली की अर्धा गोंधळ मिटतो.

पोलीस शिपाई होण्यासाठी बारावी पास लागते. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ पदांची पोलीस भरती झाली आणि तिला सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. तिथे मैदानी चाचणीचे ५० आणि लेखी परीक्षेचे १०० गुण असतात. गुन्हेशास्त्राच्या पदवीला त्यात वेगळा गुण नाही.

पोलीस उपनिरीक्षक एमपीएससीमार्फत निवडला जातो. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. महिला उमेदवाराची उंची किमान १५७ सें.मी. लागते, पुरुषाची १६५. तीन वर्षे आणि लाखो रुपये घालवण्यापूर्वी घरच्या भिंतीला उभे राहून उंची मोजून घ्या. यात हसण्यासारखे काही नाही. पदवी घेतल्यावर हे कळलेली मुले असतात.

केंद्रात सीबीआयचा उपनिरीक्षक स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेतून येतो. त्यालाही कोणतीही पदवी चालते. आयपीएसची यूपीएससी परीक्षा कोणत्याही पदवीधराला देता येते. तिच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, कायदा आहे. गुन्हेशास्त्र नाही.

सरकारी वकील व्हायचे तर एलएल.बी. हवी आणि कोर्टातला अनुभव हवा. बालकांची प्रकरणे चालवणाऱ्या बाल न्याय मंडळावर न्यायदंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजसेवक सदस्य असतात आणि त्यांतली निदान एक स्त्री असावी लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार या सदस्यांना मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव लागतो. नाहीतर बाल मानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी असलेला व्यावसायिक असावा लागतो. इथेही गुन्हेशास्त्राचे नाव नाही.

आता प्रयोगशाळा. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत, आणि आपल्या खानदेशात धुळ्याला लहान प्रयोगशाळा आहे. २०२४ मध्ये या संचालनालयाने गट-क ची १२५ पदे जाहीर केली. त्यांतल्या वैज्ञानिक सहायकाच्या पदासाठी फॉरेन्सिकच्या पदवीधराबरोबर रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेलाही अर्ज करू शकत होता. एकाच वर्षातले हे दोन आकडे शेजारी ठेवा : पोलीस १७,४७१, प्रयोगशाळा १२५.

प्रयोगशाळेची गरज वाढणार आहे, हे खरे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे तिच्या कलम १७६ मध्ये आहे. राज्यांना हे लागू करण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे जागा निघतील. पण कायद्यातली गरज आणि वर्तमानपत्रातली भरतीची जाहिरात यांच्यामध्ये बराच काळ जातो. तेवढा काळ घर चालवण्याची सोय हवी.

मग गुन्हेशास्त्राची पदवी नावाने कुठे मागितली जाते? विद्यापीठात शिकवण्यासाठी. यूजीसीच्या नेट परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये संशोधनवृत्ती मिळते. पण या विषयाचे स्वतंत्र विभाग देशात मोजकेच आहेत. तुरुंग सुधारणा, पीडितांचे पुनर्वसन, बालगृहे, संशोधन प्रकल्प या कामांतही हा विषय उपयोगी पडतो. मात्र ही कामे बहुधा समाजकार्याच्या किंवा कायद्याच्या पदवीधराला मिळतात. गुन्हेशास्त्र तिथे जोडीचे ज्ञान म्हणून कामी येते.

पैशाचा हिशेब

पुढचे आकडे आम्ही नमुन्यासाठी धरले आहेत. तुमच्या हातातल्या माहितीपत्रकातले आकडे त्या जागी टाका आणि हिशेब पुन्हा करा.

पहिला मार्ग : मोठ्या शहरातली खाजगी पदवी. समजा वर्षाची फी १,२०,००० रुपये, राहणे-जेवण ९०,००० आणि प्रवास, पुस्तके, लॅपटॉप धरून २०,०००. वर्षाचे २,३०,००० झाले, तीन वर्षांचे ६,९०,०००. पदवीनंतर खाजगी कंपनीत समजा १५,००० पगार मिळाला आणि शहरात राहण्यात १०,००० गेले, तर हातात ५,००० राहतात. घातलेले पैसे भरून निघायला १३८ महिने लागतील, म्हणजे साडेअकरा वर्षे.

दुसरा मार्ग : पदवी घराजवळ, गुन्हेशास्त्र नंतर. रावेरला नाईक महाविद्यालय आहे, फैजपूरला धनाजी नाना महाविद्यालय आहे, जळगावला मेहरूणमध्ये इकरा एज्युकेशन सोसायटीचे थीम महाविद्यालय आहे. समजा फी, पास, पुस्तके मिळून वर्षाला २५,००० लागले, तर तीन वर्षांचे ७५,०००. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, तेही जमेस धरा. मग सरकारी संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, सगळा खर्च धरून समजा वर्षाला १,२०,०००. एकूण ३,१५,०००. पाच वर्षांत एम.ए. किंवा एम.एस्सी. होते आणि खर्च पहिल्या मार्गाच्या निम्म्याहून कमी.

दुसऱ्या मार्गाचा आणखी एक फायदा आहे. अठराव्या वर्षीची आवड एकविसाव्या वर्षी टिकेलच असे नाही. रसायनशास्त्राची बी.एस्सी. झालेल्या मुलीने मन बदलले, तर तिच्यासमोर औषध कंपनी, बी.एड., बँकेची परीक्षा, एमपीएससी असे सगळे रस्ते खुले असतात. फक्त क्रिमिनॉलॉजीची बी.ए. झालेल्या मुलीला प्रत्येक ठिकाणी आपली पदवी काय आहे, हे समजावत बसावे लागते.

आपल्या घरांत एक बाब आणखी असते. अनेक कुटुंबे व्याजाचे कर्ज घेत नाहीत. बँकेचे शैक्षणिक कर्ज त्यांच्या हिशेबातच नसते. अशा वेळी सात लाख येतात कुठून? अम्मीच्या दागिन्यांतून, धाकट्या भावाच्या शिक्षणातून, किंवा नातेवाइकांच्या कर्जे-हसनामधून. कर्जे-हसनाला व्याज नसते, पण परतफेडीची जबाबदारी तेवढीच असते, आणि देणाऱ्याच्या घरीही लग्नकार्य, आजारपण असते. म्हणून आमचे मत असे, की जिथे कर्ज टाळायचे आहे तिथे महागड्या पदवीची परीक्षा दुप्पट कडक घ्यावी.

सवलती ज्या सुटून जातात

रावेर, यावल, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत तडवी भिल्ल समाजाची बरीच मुस्लिम कुटुंबे आहेत. तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत येतात आणि जमातीच्या सवलतींना धर्माची आड येत नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह, भरतीतली वयाची सूट हे सगळे त्यांच्या मुलांचे हक्क आहेत. बागवान, मन्यार, अत्तार, पिंजारी या बिरादऱ्या इतर मागासवर्गात आहेत. दोन्ही ठिकाणी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते, ओबीसींना नॉन-क्रिमीलेअरही लागते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून कागद शोधावे लागतात आणि त्यात महिने जातात. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच अर्ज द्या.

राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास व ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत फीमाफी मिळते. आपला अभ्यासक्रम आणि आपली संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेश घेण्यापूर्वी लेखी विचारा. राज्याचा अल्पसंख्याक विकास विभाग अल्पसंख्याक उमेदवारांसाठी पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणही चालवतो, त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. केंद्राची मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून बंद झाली आहे. जुन्या माहितीपत्रकात तिचे नाव असेल, तर त्यावर हिशेब बांधू नका.

शिकायचेच असेल तर कुठे?

फॉरेन्सिककडे जायचे पक्के असेल, तर छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबई येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाले. त्याचे नागपूरचे केंद्रही २०२५ मध्ये तात्पुरत्या जागेत सुरू झाले.

गुन्हेशास्त्रासाठी रावेरकरांना एक नाव फारसे ठाऊक नसते. ते म्हणजे मध्य प्रदेशातले सागर. तिथल्या डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठात गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग १९५९ पासून आहे आणि तो देशातला सर्वांत जुना मानला जातो. आता ते केंद्रीय विद्यापीठ आहे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात गुन्हेशास्त्र आणि न्याय हा विषय अनेक दशके शिकवला गेला आहे. तिथल्याच 'प्रयास' या प्रकल्पाने १९९० पासून कैद्यांना कायदेशीर मदत आणि पुनर्वसन यांचे काम उभे केले.

जळगावातही मार्ग आहेत. मणियार विधी महाविद्यालयात कायद्याचे शिक्षण मिळते आणि समाजकार्याचे महाविद्यालयही शहरात आहे. कोर्ट, तुरुंग, बालगृह यांच्याशी संबंधित काम करायचे असेल, तर एलएल.बी. किंवा एम.एस.डब्ल्यू. ही नोकरीच्या बाजारात ओळखली जाणारी पदवी आहे. तिच्या जोडीला गुन्हेशास्त्र घेतले, तर त्याचे मोल वाढते.

कोणत्याही खाजगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का? गेल्या तीन वर्षांतले किती विद्यार्थी, कोणत्या पदावर, किती पगारावर लागले? त्यांतल्या दोघांशी फोनवर बोलता येईल का? मध्येच सोडले, तर फी किती परत मिळेल? 'नोकरीची हमी' कागदावर लिहून मागा. लिहून देत नाहीत, तर ती हमी नाही.

मामूंच्या शंकेबद्दल

पोलीस-कोर्टापासून लांब राहावे, ही आपल्या घरांतली जुनी शिकवण आहे. तिच्यामागे अनुभव आहे, तिला आम्ही हसणार नाही. पण लांब राहिल्याने काय होते, तेही पाहू.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा संस्थेचे डॉ. विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी महाराष्ट्राच्या तुरुंगांतल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला होता. तो २०११ मध्ये पूर्ण झाला. त्यात भेटलेल्या बहुसंख्य कैद्यांचा कुठल्याही टोळीशी संबंध नव्हता. गरिबी, अर्धवट शिक्षण आणि वेळेवर चांगला वकील न मिळणे, हे त्यांच्या कहाणीत पुन्हा पुन्हा येत होते.

आता कायदा काय म्हणतो, ते पाहा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही आणि आणखीही काही अपवाद आहेत. ही दोन कलमे आपल्या मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहेत? मुलगा आत गेला की आई दलालाच्या हातात पैसे देते, कारण विचारायला दुसरे कोणी नसते. तालुक्यात एक जरी जाणकार मुलगी असली, वकील, समाजसेविका किंवा प्रयोगशाळेतली शास्त्रज्ञ म्हणून, तर कितीतरी घरांना विचारायला जागा होईल. मुलीची आवड चुकीची नाही. तिला योग्य वाट हवी आहे.

आमचा मशवरा

रावेरच्या त्या घरासाठी आमचा सल्ला असा. बारावीनंतर तीन वर्षांची महागडी खाजगी पदवी घेऊ नये. मुलीला प्रयोगशाळा आवडत असेल, तर तिने शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत प्रवेशाचा प्रयत्न करावा, आणि तो न मिळाल्यास जवळच रसायनशास्त्राची बी.एस्सी. करावी. माणसांचे प्रश्न, कोर्ट, तुरुंग यांत मन रमत असेल, तर तिने कायदा किंवा समाजकार्य घ्यावे. वर्दी हवी असेल, तर कोणतीही स्वस्त पदवी घेऊन सकाळी धावायला आणि संध्याकाळी एमपीएससीच्या अभ्यासाला लागावे. गुन्हेशास्त्र पदवीनंतर, सरकारी विद्यापीठात, प्रवेश परीक्षा देऊन घ्यावे. तोवर ती एकवीस वर्षांची होईल, आणि आवड खरी असेल तर इन्शाअल्लाह ती टिकून असेल.

अब्बांनी एक करावे. या सुट्टीत मुलीला घेऊन जळगावच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्धा दिवस जावे. तिथे कोण लोक काम करतात, त्यांनी काय शिक्षण घेतले, त्यांना पगार किती, हे तिने स्वतः विचारावे. येण्या-जाण्याचे भाडे आणि दोन कप चहा एवढाच त्याचा खर्च आहे. फीचा पहिला हप्ता त्यानंतर भरावा.